शिन गार्डला माया ठेवता येत नाही

नाशिकच्या सातपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी शिलाईकाम करतात, यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातात. थोरली मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. आठ महिन्यांपासून ती किकबॉक्सिंगच्या क्लासला जाते. आता स्पारिंग, म्हणजे जोडीदारासमोर खेळायचा सराव, सुरू करायचं म्हणून सरांनी शिन गार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचे जाड पॅड, आणायला सांगितले आहेत. क्लासमधून घेतले तर २,६०० रुपये. ऑनलाइन मोज्यासारखे ओढून घालायचे गार्ड ६५० रुपयांत दिसतात. मुलीला मात्र मोबाइलवर पाहिलेले थायलंडचे चामड्याचे गार्ड हवे आहेत, त्यांची किंमत सात हजारांच्या पुढे. धाकट्या मुलाचे फुटबॉलचे गार्ड घरात पडून आहेत, ते का चालू नयेत, असंही ताईंच्या मनात आहे. त्यांचे भाऊ लहानपणी कराटे शिकले. त्यांचं म्हणणं, गार्ड घातले की पाय कच्चेच राहतात, त्यापेक्षा रोज रात्री नडगीवर लाटणं फिरवावं, मोठे फायटर कुठे गार्ड घालतात? सासूबाईंना ही मारामारी मुळातच पसंत नाही, पायावर डाग राहिले तर पुढे लग्नाच्या वेळी काय, असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी ताई लिहितात: "हल्ली ती घरातही लेगिंग्ज घालूनच असते. परवा झोपेत पाय उघडा पडला तेव्हा पाहिलं, दोन्ही नडग्या वरपासून खालपर्यंत सारख्याच काळ्यानिळ्या. मी तिला काही बोलले नाही. गार्ड घ्यायचे तर कोणते? दोन-तीन वर्षं चालावेत म्हणून एक माप मोठे घेतले तर चालेल ना? की भाऊ म्हणतो तेच खरं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा गार्डसाठी आणि एकदा त्या लेगिंग्जसाठी. कोणते गार्ड घ्यायचे याचं उत्तर मापासकट देते, पण आधी डागांविषयी बोलू या. पत्रात ते शेवटी आले असले तरी माझ्या मनात तेच सगळ्यात पुढे आहेत.

सर स्पारिंग आता सुरू करणार आहेत, म्हणजे मुली अजून समोरासमोर खेळलेल्या नाहीत. मग हे डाग कुठून आले? एक शक्यता अशी की जोडीच्या सरावात गार्डशिवाय लाथा लागताहेत. तसं असेल तर सरांशी बोलायला हवं, आणि ते मी पुढे सांगते. पण तुम्ही लिहिलंय, दोन्ही नडग्या, वरपासून खालपर्यंत, सारख्याच. गेली चौदा वर्षं मी मुलींना किकबॉक्सिंग शिकवते. लाथ कुणाच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर बसली की डाग एका जागी पडतो, तिथे टेंगूळ येतं, आणि बहुतेकदा एकाच पायाला जास्त लागलेलं असतं, कारण प्रत्येकाचा लाथ मारायचा एक आवडता पाय असतो. दोन्ही पायांवर सारखे, लांबट डाग पाहिले की मला आधी शंका येते ती लाटण्याची. तुमच्या घरी काय झालंय ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण मामांचं बोलणं तिच्याही कानावर गेलं असेल, आणि तेरा वर्षांच्या मुलीला लवकर मजबूत व्हायचं असतं.

तेव्हा आज रात्री तिच्याजवळ बसा आणि नुसतं विचारा, "दुखतंय का गं?" दटावून विचारलंत तर ती पाय आणखी झाकेल. क्लास बंद करणार नाही हे तिला पहिल्याच वाक्यात सांगा. लेगिंग्जचं कारण बहुतेक तीच भीती असेल.

आता लाटण्याविषयी. तुमच्या भावाच्या म्हणण्यातला एक धागा खरा आहे, म्हणून ते झटकून टाकत नाही. हाडावर हळूहळू, बेताचा भार येत राहिला तर हाड त्याला जुळवून घेतं आणि घट्ट होतं. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि त्याचा गाभा आजही मानला जातो. थायलंडमधल्या मुआय थाईच्या खेळाडूंच्या नडग्या लोखंडासारख्या वाटतात, त्या वर्षानुवर्षं जड बॅगवर आणि पॅडवर मारलेल्या हजारो लाथांमुळे. बॅगवर लाथ बसते तेव्हा सगळं हाड भार घेतं. लाटणं फिरवल्याने मात्र चुरडते ती वरची कातडी आणि हाडाला चिकटलेला पातळ पडदा.

स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून पाहा. मागे पोटरीला मांसाची गादी आहे, पण पुढून आतल्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये काहीच नाही. हाडावरच्या त्या पडद्यात मज्जातंतू दाटीने असतात, म्हणून खाटेच्या पायाला नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रोज तो पडदा रगडला की काही महिन्यांनी दुखणं कमी वाटू लागतं, आणि लोक त्यालाच मजबुती समजतात. दुखणं कमी झालं म्हणून हाड घट्ट झालं, असा अर्थ होत नाही. त्यात तुमच्या मुलीचं वय वाढीचं. या वयात नडगीच्या हाडाच्या दोन्ही टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, आणि त्या बाकीच्या हाडापेक्षा नाजूक असतात. लाटणं पोळ्यांसाठीच राहू द्या. नडगी घडवायची तर बॅग आहे, तीही मऊ भरलेली. आठवड्यातून दोन-तीन वेळा, हळूहळू वाढवत. एवढं तेराव्या वर्षी पुष्कळ झालं.

आणि मोठे फायटर गार्ड घालत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. व्यावसायिक मुआय थाई किंवा के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या लढतीत ते घालत नाहीत. पण त्याच लढतीची तयारी करताना, रोजच्या स्पारिंगमध्ये, जोडीदाराबरोबर खेळताना ते जाड गार्ड बांधतात. आपल्याला मोबाइलवर दिसते ती लढत, तयारी कुणी दाखवत नाही. शिवाय घडलेली नडगी मोडत नाही असंही नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मिश्र मार्शल आर्ट्सच्या एका लढतीत अँडरसन सिल्वाने क्रिस वाइडमनला मारलेली लाथ वाइडमनने पाय उचलून अडवली आणि सिल्वाचंच हाड मोडलं. एप्रिल २०२१ मध्ये तीच वेळ वाइडमनवर आली, लढतीतली पहिलीच लाथ समोरच्याने अडवली आणि त्याची नडगी मोडली. ही दोघं आपल्या काळातली नावाजलेली माणसं, पाय वर्षानुवर्षं घडवलेले. घाबरवायला हे सांगत नाही. प्रौढ माणसाची पूर्ण ताकदीची लाथ आणि आठवीतल्या मुलीची सरावातली लाथ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पण भावाने पुन्हा फायटरांचं नाव काढलं तर त्यांना हे जरूर सांगा.

तुमच्या घरातल्या सगळ्यांनी, तुम्ही, भाऊ, सासूबाई, गार्डचा विचार मुलीच्या पायापुरता केलाय. तिचा पाय वाचेल का, कच्चा राहील का, डाग पडतील का. पण गार्ड बांधून ती लाथ मारते कुणाला? समोरच्या मुलीच्या मांडीवर, बरगडीवर, कधी चुकून कोपरावर. उघड्या नडगीचं हाड मांडीत बसलं की ती मुलगी आठवडाभर जिना धरून उतरते. म्हणून निम्मा गार्ड घालणारीसाठी असतो आणि निम्मा समोरचीसाठी. ज्या दिवशी समोरच्या मुलीने पातळ गार्ड घातलेले असतील, त्या दिवशी हे तुमच्या लेकीला कुणी न सांगता कळेल. "गार्ड घातला तर पाय कच्चा राहील" या वाक्यात ती दुसरी मुलगी कुठेच नाही, म्हणून मला ते पटत नाही.

गार्डमुळे आणखी एक गोष्ट होते. पाय दुखायची भीती असली की मुली समोरची लाथ अडवायला पाय उचलतच नाहीत, लाथही अर्ध्यात आवरतात. गार्ड असला की सराव भरपूर होतो, आणि शेवटी पाय घडतो तो सरावाने. याची दुसरी बाजू अशी की गार्ड बांधला म्हणून जोर वाढवणारी मुलंही मी पाहिली आहेत. ते आवरायचं काम सरांचं, गार्डकडून ती अपेक्षा करता येत नाही.

आता खरेदी.

फुटबॉलचे गार्ड आधी बाजूला ठेवू. ते नको. फुटबॉलचा गार्ड बुटाच्या ठोकरीसाठी असतो, पुढे कडक प्लास्टिकची पट्टी, आत थोडासा फोम. घालणाऱ्याला तो वाचवतो, पण तोच कडक भाग समोरच्या मुलीच्या अंगावर आदळला तर तिला इजा होते. शिवाय पावलाचा वरचा भाग उघडाच राहतो, आणि किकबॉक्सिंगमध्ये पावलाची बारीक हाडं कोपरावर आपटून पुष्कळदा दुखावतात. (फुटबॉलमधले पहिले शिन गार्ड १८७४ मध्ये सॅम विडोसन नावाच्या इंग्रज खेळाडूने क्रिकेटचे पॅड कापून केले होते. तुमच्यासारख्या शिवणाऱ्या बाईला ती युक्ती आवडेल, पण तेवढ्यावरून क्रिकेटचे किंवा फुटबॉलचे पॅड इथे वळवून घेऊ नका.)

६५० रुपयांचे मोज्यासारखे गार्ड वाईट नसतात, पण त्यांचं काम वेगळं. ज्या खेळात जमिनीवर लोळण असते, पकडापकडी असते, तिथे पट्ट्यांचे गार्ड अडकतात, सरकतात, वेल्क्रो सुटतो. तिथे मोज्याचा गार्ड बरा. एकटीने बॅग मारायला, हलक्या तंत्राच्या सरावालाही चालतो. पण समोरासमोर स्पारिंगला त्यातला फोम पातळ पडतो, आणि घाम आला की सगळा गार्ड पोटरीकडे फिरतो. जिथे मार बसायचा तिथे नुसतं कापड उरतं.

थायलंडच्या चामडी गार्डांविषयी तुमच्या लेकीची निवड चांगली आहे, हे तिला सांगा. फेअरटेक्स, ट्विन्स अशा थाई कंपन्यांची कारागिरी नावाजलेली आहे आणि तो माल वर्षानुवर्षं टिकतो. पण तो जड असतो आणि मोठ्या माणसांच्या जोराच्या स्पारिंगच्या हिशोबाने केलेला असतो. तेराव्या वर्षी, बेताच्या वजनाच्या पायाला, तो बांधून तीन राउंड खेळल्यावर लाथ खाली येऊ लागते, आणि थकलेल्या पायाची लाथ वेडीवाकडी बसते. अठराव्या वर्षीही ती खेळत असेल तेव्हा घ्या. तोपर्यंत सात हजारांतल्या उरलेल्या पैशांत चांगले ग्लोव्हज, हेडगार्ड आणि माउथगार्ड येतील. दात एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याच्याविषयी पत्रात कुणीच काही म्हटलेलं नाही!

म्हणजे उरला मधला प्रकार. पुढे जाड फोम, वर रेक्झिन किंवा चामडं, मागे पोटरीवर दोन वेल्क्रोच्या पट्ट्या, आणि पावलावर उतरणारा जोडलेला भाग. किकबॉक्सिंगच्या क्लाससाठी हाच घ्यायचा. क्लासमधून घेतलात काय, किंवा शालिमार, कॉलेज रोडकडे एखाद्या खेळाच्या दुकानात जाऊन घेतलात काय. आपल्याकडे मिळणारा बराचसा माल मेरठ आणि जालंधरहून येतो. त्यात उत्तमही असतो आणि टाकाऊही, म्हणून नावापेक्षा हातावर विश्वास ठेवा. अंगठ्याने फोम दाबा. अंगठा थेट मागच्या बाजूला टेकला तर तो नको. सोडल्यावर फोम हळू, पण पूर्ण वर आला पाहिजे. लगेच टणकन उसळला तर तो साधा स्पंज समजा. मग गार्ड हातावर बांधा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने वरून ठोका. हाड जाणवलं तर ठेवून द्या. पट्टी, शिवण आणि अस्तर कसं पाहायचं ते मी तुम्हाला काय सांगणार? पट्टी जिथे शिवलेली असते तिथे दुहेरी टीप हवी, एवढंच म्हणते.

आता मापाचं, ज्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत.

फ्रॉकला आपण माया ठेवतो. पोर वाढलं की उसवून पुन्हा शिवतो, दोन दिवाळ्या निघतात. शिन गार्डला माया ठेवता येत नाही. मापाने मोठा गार्ड फिरतो, सरकतो, आणि पावलावरचा भाग बोटांच्या पुढे आला की दुसऱ्या पायाखाली येतो. हे मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत काटकसर म्हणून एक माप मोठे घेतले होते. दुसऱ्याच आठवड्यात लाथ मारताना गार्ड बाहेरच्या बाजूला वळला आणि माझी उघडी नडगी जोडीदाराच्या कोपरावर बसली. तिचं कोपर सुजलं, मी पंधरा दिवस लंगडले. गार्ड पायात असूनही आम्हा दोघींना लागलं.

शिवाय एक दिलासा आहे. मुलींची उंची सगळ्यात वेगाने साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी वाढते. पाळी सुरू झाली की वेग मंदावतो आणि पुढे थोडीच वाढ उरते. तुमची लेक तेराची आहे. आज बरोबर बसणारा गार्ड तिला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त चालेल. हाच प्रश्न तेराच्या मुलाचा असता तर मी सांगितलं असतं की महागाचं घेऊच नका, कारण मुलांची उंची नेमकी त्याच सुमाराला झपाट्याने वाढते आणि वर्षभरात माप बदलतं.

टेप तुमच्याकडे आहेच. तिला खुर्चीवर बसवा, पाय काटकोनात. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं सोडा, तिथून घोट्यापुढे पाऊल जिथे वळतं तिथपर्यंत लांबी घ्या. मग पोटरीचा सगळ्यात भरलेला घेर. दोन्ही मापं कागदावर लिहून न्या, कारण एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीचं स्मॉल असतं. दुकानात बांधून बघताना तिला पूर्ण खाली बसायला सांगा. वरची कड गुडघ्याच्या वाटीला टोचता कामा नये. चवड्यांवर उभं राहायला सांगा, पावलावरचा भाग बोटांच्या मुळापर्यंत यावा, बोटं मोकळी राहावीत. पट्ट्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत, आत आली तर एका पायाची पट्टी दुसऱ्या गार्डला पकडते. डावा-उजवा तपासा. मग हवेत दोन्ही पायांनी दहा-दहा लाथा. दुकानदार बघेल, बघू द्या. एवढ्यात गार्ड बोटभर जरी फिरला तरी दुसरा मागा. आणि पट्टी पोटरीत रुतून बोटांना मुंग्या येत असतील तर तोही नको. ऑनलाइन घेतलात तर परत करता येईल असंच घ्या, आणि घरच्या फरशीवर ही सगळी परीक्षा घेईपर्यंत लेबल काढू नका.

सर क्लासमधून गार्ड विकतात, त्यावरून तुम्हाला थोडी शंका आहे असं पत्रात जाणवलं. मला त्यात गैर दिसत नाही, पण दोन गोष्टी सरळ विचारा. नमुना बांधून बघता येईल का? आणि याच वर्णनाचा गार्ड बाहेरून आणला तर चालेल का? चांगला शिक्षक दुसऱ्याला हो म्हणतो. नाही म्हणाले तर कारण विचारा, कधी कधी ते खरंच असतं. स्पर्धेत खेळवायचं असेल तर नियम आड येतात. वाको या जागतिक संघटनेच्या किकबॉक्सिंगमध्ये नडगीचं गार्ड लागतं आणि पाऊल झाकणारं बुटासारखं संरक्षणही लागतं, तिथे एकसंध गार्ड चालेलच असं नाही. स्पर्धा यंदा नसेल तर यंदा तो खर्चही नको.

सरांना आणखी काही विचारायला हवं, आणि ते गार्डपेक्षा मोठं आहे. जोड्या वजन आणि अनुभव पाहून लावता का? मांडीवरच्या लाथा या गटाला आत्ताच सुरू करणार का? गार्ड न आणलेल्या मुलीला स्पारिंगला उभं करता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नेहमी "नाही" असं ऐकायचं असतं. आणि त्या डागांचं कारण जोडीचा सराव निघालं, तर हेही शांतपणे विचारा की गार्डशिवाय अंगावर लाथा का बसल्या. एक संध्याकाळ शिलाई बाजूला ठेवून क्लासच्या कोपऱ्यात बसा. तासाभरात तुम्हाला कळेल की मुलं लाथ आवरायला शिकताहेत की नुसती मारायला.

जमलं तर क्लासमधल्या आयांशी बोला. लहान झालेले गार्ड बहुतेक घरांत माळ्यावर पडलेले असतात. माप जुळलं आणि फोम जिवंत असला, म्हणजे दाबल्यावर सुरकुती राहत नसली, तर वापरलेला गार्ड घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे असे कितीतरी जोड तीन-तीन मुलींनी वापरले. फक्त एकाच वेळी दोघींमध्ये एक जोड नको. घामट गार्डमधून गजकर्ण पसरतं, आणि ते क्लासमध्ये शिरलं की महिनोन्‌महिने निघत नाही. आत पातळ सुती मोजा किंवा लेगिंग घालू दे. लेगिंग्जचा हा खरा उपयोग.

हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. कराटेच्या स्पर्धेसाठी घेत असाल तर नडगी आणि पाऊल झाकणारा, स्पर्धेची मान्यता असलेला लाल-निळा जोडच लागतो, किकबॉक्सिंगचा जाड गार्ड तिथे चालणार नाही. तायक्वांदोत गार्ड पोशाखाच्या आत जातो, म्हणून सडपातळ घ्या. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकपासून तिथे गुण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने मोजले जातात आणि पायात सेन्सरचे मोजे असतात, तेव्हा पावलाला जोडलेला गार्ड घेण्याआधी क्लासला विचारा. आणि चाळिशीत व्यायाम म्हणून किकबॉक्सिंगला आलेल्यांनो, तुम्ही फक्त पॅड आणि बॅग मारणार असाल तर शिन गार्डची घाई करू नका, तो खर्च पहिल्या स्पारिंगपर्यंत थांबू शकतो.

गार्ड असूनही मार लागतो. नडगीला लागलं तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पहिले दोन दिवस दिवसातून तीन-चार वेळा. ताज्या माराला तेल लावून चोळू नका, आपल्याकडे ती सवय फार आहे आणि त्याने सूज वाढते. पायावर भार देता येत नसेल, हाडावर एकाच बिंदूला बोट लावल्यावर कळ येत असेल, किंवा पोटरी टणक होऊन दुखणं तासातासाने वाढत असेल आणि बोटं बधिर पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. यातलं शेवटचं लक्षण रात्रीतून पाय धोक्यात आणू शकतं. आणि लेकीच्या सध्याच्या डागांवर एकदा हलकेच बोट फिरवून पाहा. नुसती निळसर कातडी असेल तर विश्रांती पुरे. एका ठिकाणी हाड दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिला स्पारिंगला पाठवू नका.

सासूबाईंना सांगा, साधा मुका मार दोन-तीन आठवड्यांत हिरवा, पिवळा होत विरून जातो, कायमचा डाग ठेवत नाही. त्यांच्या काळजीत माया आहे, तिला उलट उत्तर नको. उलट एका शनिवारी त्यांनाच क्लासला घेऊन जा. वाकोला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली हे ऐकून त्या विरघळतील असं वाटत नाही, पण नात नमस्कार करून आखाड्यात उतरते आणि खेळ संपल्यावर समोरच्या मुलीचा हात हातात घेते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर फरक पडेल. आमच्याकडच्या दोन आज्या असंच एकदा बघायला आल्या, आता पुढच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली आहे.

गार्ड आणल्यावर एक काम तुमच्याकडे. क्लासहून आल्या आल्या ते बॅगेतून काढून ओलसर फडक्याने आत-बाहेर पुसायचे आणि पंख्याखाली उघडे ठेवायचे. आपल्या पावसाळ्यात एक रात्र बंद बॅगेत राहिले तरी वास धरतात, चामड्यावर तर बुरशी येते. वॉशिंग मशीनमध्ये नको, आणि एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिक्कीतही नको, उष्णतेने फोमचं चिकटवण सुटतं. वर्षभरात वेल्क्रो आधी हरेल. तो तुम्ही घरीच बदला, जुना उसवून त्याच भोकांतून जाड सुईने नवा शिवा, बाजारात नवा जोड घेण्याची गरज नाही. फोमच्या अंगाला मात्र सुई लावू नका. तिथे टाका घातला की फोम त्या रेषेवर दबतो, आणि पुढची लाथ नेमकी तिथेच लागते.